शिंके तुटले, माकडांचे फावले

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या बारांत रायगड आहे आणि प्रतापगडही आहे. त्यामुळे महाडच्या माणसाने रायगडाच्या वाटेकडे बोट दाखवावे आणि पोलादपूरच्या माणसाने आंबेनळी घाटाकडे मान वर करावी, अशी आमच्या मुलखाची सध्या अवस्था आहे. अभिमान रास्तच आहे. पण अभिमानामागून गर्दी येते, गर्दीमागून मुक्काम येतो आणि मुक्कामाबरोबर डबा येतो. गडावर बोलणारे, लिहिणारे पुष्कळ आहेत. डब्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आज त्याविषयीच लिहायचे आहे.

माझा एक पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. दोन वर्षांमागे तो मुलाबाळांसह आला, तेव्हा रायगडाच्या परिसरात तंबूत एक रात्र काढायचे ठरले. हल्ली अशी सोय जागोजागी झाली आहे. शेताच्या बांधावर रंगीत तंबू, मध्ये शेकोटी, रात्री चिकन-भाकरी आणि सकाळी पोहे. सामान उतरवताच त्याने पहिला प्रश्न केला, "काका, रात्री खाण्याचं सामान कुठे ठेवायचं?" तंबूवाल्या पोराने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्याने तिजोरीची चावी मागितली आहे. "तंबूतच ठेवा ना साहेब, घरच आहे तुमचं," तो म्हणाला.

मग रात्री शेकोटीशी बसून पुतण्याने तिकडची हकिगत सांगितली. योसेमिटी नावाच्या अरण्यात मुक्कामाच्या प्रत्येक जागी लोखंडी लॉकर असतात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला लॉकरची कसली नवलाई! पण त्या लॉकरात दागिने ठेवत नाहीत. ब्रेड, चीज, सफरचंदे ठेवतात. इतकेच नव्हे, तर साबण, दातांची पेस्ट, अंगाला लावायचे मलम, लिपस्टिक, लहान मुलांची पावडर, जे जे म्हणून वास मारते ते सारे रात्री त्यात जाते. पायी भटकणाऱ्यांना एक जाड, गोल, झाकणाचा डबा पाठीवर न्यावाच लागतो. कारण तिकडे अस्वले आहेत आणि अस्वलाचे नाक आपल्या कल्पनेपलीकडचे आहे. पेस्टला अन्न समजू नये एवढे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

ही शिस्त अमेरिकनांच्या अंगात उपजत होती असे मात्र कोणी समजू नये. ती त्यांनी फार महाग विकत घेतली. माँटाना राज्यात ग्लेशियर नावाचे राष्ट्रीय उद्यान १९१० साली झाले. पुढची ५७ वर्षे तिथे अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये, १३ तारखेच्या एकाच रात्री, मैलोगणती अंतरावरच्या दोन जागी, दोन वेगवेगळ्या अस्वलांनी १९ वर्षांच्या दोन मुलींचा बळी घेतला. लोकांना वाटले, अस्वले पिसाळली असावीत. चौकशीत निघाले ते निराळेच. एका विश्रामगृहाच्या मागे रोज रात्री उष्टे-खरकटे टाकले जाई आणि ते खायला येणारी अस्वले पाहणे ही पाहुण्यांची करमणूक होती. दुसऱ्या जागीही मुक्कामकऱ्यांचे अन्न आणि कचरा यांची अस्वलाला चटक लागली होती. थोडक्यात, अस्वलाला माणसाची ओळख आधी खानावळ म्हणून झाली आणि खानावळीत कोणी आडवे आले तर काय करायचे, ते त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे ठरवले.

योसेमिटीतही १९९८ साली अस्वलांनी गाड्या, तंबू फोडण्याचे सुमारे १६०० प्रकार घडले. मोटारीचे दार वरच्या कडेला नखे घालून केळ्याच्या सालीसारखे सोलायची कला ती शिकली होती आणि आया ती पिलांना शिकवत होत्या. २००१ ते २००७ या काळात कोणत्या गाड्या जास्त फुटतात याचा अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा अस्वलांची पसंती मुलाबाळांच्या मोठ्या कौटुंबिक गाड्यांना असल्याचे दिसले. कारण उघड आहे. ज्या गाडीत लहान मुले, त्या गाडीच्या गादीखाली बिस्किटांचा चुरा. मग लॉकर वाढवले, नियम कडक केले, रात्री फिरून गाड्यांच्या काचांतून डोकावणारे पहारेकरी नेमले. प्रकार ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले. हे सगळे करताना एकाही अस्वलाचे मतपरिवर्तन करावे लागले नाही. बदलावी लागली ती डबा ठेवण्याची जागा.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे कुठे आली अस्वले? तशी ती फार लांब नाहीत. महाबळेश्वरच्या दक्षिणेला कोयनेचे अभयारण्य आहे, ते २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. त्या रानांत अस्वल आहे. वासोट्याला जायचे तर वन खात्याची परवानगी लागते आणि मुक्कामाला मनाई आहे. पण आपले अस्वल वेगळ्या गोत्राचे. वरचे मधले दोन दात नसलेले, ओठ पुढे काढून वारुळातली वाळवी नळीसारखी ओढून घेणारे, मधाचे आणि रानफळांचे शौकीन. ते माणसाला इजा करते तेव्हा बहुधा वाटेत अचानक समोरासमोर गाठ पडलेली असते. आपल्या डब्यात त्याला अजून गोडी लागलेली नाही. 'अजून' म्हणतो, कारण राजस्थानात माउंट अबूला याच जातीची अस्वले हॉटेलांचा कचरा उकरायला भर वस्तीत येतात आणि काश्मिरात सोनमर्गची तपकिरी अस्वलेही त्याच मार्गाला लागली आहेत.

महाड-पोलादपूरच्या डब्यावर डोळा ठेवणारे मंडळ निराळे आहे. त्याचे अध्यक्षपद अर्थातच माकडाकडे.

महाडहून भोरला जाताना वरंध घाट लागतो. वर वाघजाईचे मंदिर, तिथे भजी आणि चहाच्या टपऱ्या, समोर दरी आणि कठड्यावर रांगेने बसलेली लाल तोंडाची माकडे. गाडी थांबते, काच खाली होते, केळे बाहेर येते. माकडाच्या गालात थैल्या असतात. आधी भरून घ्यायचे आणि मग निवांत जागी बसून चावायचे, ही त्याची रीत. त्यामुळे पाच केळी दिली तरी सहाव्यासाठी हात पुढेच. देणाऱ्याला पुण्य लाभते, मुलांना गंमत वाटते, फोटो निघतो. जानेवारी २०२३ मध्ये याच जागी माकडांना खाऊ घालताना एक प्रवासी तोल जाऊन सुमारे ५०० फूट खोल दरीत कोसळले आणि प्राणांना मुकले. चार दिवस हळहळ झाली. पाचव्या दिवशी काचा पुन्हा खाली.

पण या केळ्याची खरी किंमत घाटात चुकती होत नाही. ती खाली गावात चुकती होते आणि मला जे सांगायचे आहे ते हेच. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो. घाट बंद झाला की गाड्या बंद, भजी बंद. माणसाच्या हातून खायला शिकलेल्या कळपाने मग जायचे कुठे? तो खाली माझेरी, पारमाचीच्या अंगाला उतरतो. आंबेनळीचेही तेच. परसातली काकडी, पडवळ, दारचा पेरू, मांडवावरचा भोपळा यांत त्याला आता माणसाचे भय उरलेले नसते. पिशवीचा खुळखुळ आवाज म्हणजे खाऊ, हे गणित त्याच्या डोक्यात पक्के झालेले असते. बाजारातून येणाऱ्या म्हातारीच्या हातातली पिशवी ओढताना त्याच्या दृष्टीने तो चोरी करत नसतो, वसुली करत असतो.

पोलादपूरच्या पलीकडे, कापड्याच्या वर डोंगरात राहणारे एक शेतकरी माझे जुने खातेदार. नोकरीत असताना त्यांच्या पीककर्जाचे कागद मीच करायचो. भात, वरी, नाचणी आणि घराभोवती भाजीपाला. भाजीची नोंद सातबाऱ्यावर कधी नव्हती, पण घरातली बाई मीठमिरची त्यावरच चालवत होती. मागच्या वर्षी भेटले तेव्हा परस मोकळे होते. म्हणाले, "साहेब, राखण करायला माणूस कुठाय? पोरं मुंबईला. आम्ही दोघं. एकानं दिवसा माकडं हाकायची, एकानं रात्री डुकरं. झोपायचं कुणी?" आता ते पोलादपूरच्या बाजारातून वांगी विकत आणतात. शेतकऱ्याने वांगी विकत आणायची! शेजारची दोन घरे बंद, त्यांची शेते पडीक, पडिकात झुडपे माजलेली, आणि त्या झुडपात रानडुकरांची दिवसाची वस्ती. एकाने नांगर ठेवला की दुसऱ्याच्या शेतावरचा भार वाढतो. बुडीत कर्जाचे असेच असते, एक खाते बसले की जामीनदार डळमळतो.

सरकारी मदत नाही असे नाही. पिकाच्या नुकसानभरपाईच्या यादीत रानडुकराबरोबर माकड आणि वानरही आहेत आणि २०२३ साली वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी राज्याने वेगळा कायदाही केला. पण अर्ज करा, पंचनामा करून घ्या, कागद पुढे पाठवा ही वाट भाताच्या दोन एकरांसाठी चालवेल. बारा काकड्या आणि एका भोपळ्यासाठी कोण चालणार? आमच्या धंद्यात जमा आणि नावे ही दोन्ही एकाच वहीत मांडायची पद्धत आहे. इथे करमणूक पुण्या-मुंबईच्या प्रवाशाच्या खाती जमा पडते, भज्यांचे पैसे टपरीवाल्याच्या खाती, तंबूचे भाडे तंबूवाल्याच्या, आणि खर्च तेवढा मांडला जातो कापड्याच्या म्हाताऱ्याच्या नावे. तो या व्यवहारात कुठेच नव्हता. असल्या वहीवर कोणताही लेखापरीक्षक सही करणार नाही.

गंमत अशी, की अन्न वर टांगून ठेवायचे शास्त्र पुतण्याने मला मोठ्या उत्साहाने शिकवले. लॉकर नसेल तिथे पिशवी दोरीने झाडाला टांगायची, जमिनीपासून दहा-बारा फूट वर आणि खोडापासून चार-पाच हात लांब. स्वयंपाक करायचा तो तंबूपासून सुमारे २०० फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ज्या कपड्यांत मासळी तळली ते कपडे घालून झोपायचे नाही. मी ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, तुझ्या आजीचं शिंकं आठवतं का?"

शिंके हे आज गोकुळाष्टमीच्या चित्रापुरते उरले आहे. पण कोकणातल्या घरात ते स्वयंपाकघराचे कुलूप होते. काथ्याचे नाहीतर सुताचे जाळीदार विणकाम, आढ्यापासून लोंबणारे, भिंतीपासून आणि खांबापासून हातभर तरी मोकळे, म्हणजे मांजराला उडी मारायला टेकू मिळू नये. त्यात दूध, दही, लोणी. उंदीर उतरू नये म्हणून काही घरांत दोरीला मध्ये करवंटी ओवलेली असे. कणगी शेणामातीने लिंपलेली, तिचे तोंड बंद. सुकट, बोंबील यांचा डबा वेगळा, घट्ट झाकणाचा, आणि तोही माजघरापासून लांब. मासळीच्या वासावर कोण कोण येते हे घरातल्या बायकांना पाठ होते. साबण विहिरीवर विसरला तर कावळा पळवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. साबणात चरबी असते हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. साबण गेला की मार बसे, एवढ्यावर ते लक्षात राही. माळ्याचे महत्त्व तर महाडकरांना सावित्री दर पावसाळ्यात शिकवते. २०२१ च्या २२ जुलैला तो धडा फारच क्रूर होता, पण तो विषय वेगळा.

मग सिलिंडर आला, फ्रीज आला, प्लॅस्टिकची पिशवी आली आणि शिंके उतरले. घरात ते नसले तर बिघडत नाही, भिंती आहेत. तंबूला भिंत नसते. तरीही आपण तंबूत शिरताना उशाला फरसाण, पायथ्याशी चिकनचा डबा आणि बाहेर हाडांचा ढीग ठेवतो. त्या रात्री पुढे काय होते ते एकदा पाहण्यासारखे आहे.

माकडे दिवसाची. रात्री ती झाडावर किंवा कड्यावर झोपलेली असतात. रात्रीची पाळी उंदरांची. फरसाणाच्या वासाने उंदीर येतो आणि उंदराच्या मागावर घोणस किंवा नाग. दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी विंचू दगडाखालून बाहेर पडतो आणि पहाटे काढून ठेवलेल्या बुटात विसावतो. आमच्या भागात विंचू म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. लाल विंचवाच्या दंशाने इथे धडधाकट माणसे, विशेषतः मुले, हृदयावर ताण येऊन दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्या रुग्णांशेजारी रात्री जागून काढल्या, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले आणि एकेकाळी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जगभर वाचला जाणारा तो शोध महाड तालुक्यातल्या माणसांच्या अंगणात लागला आहे. तंबूत झोपायला येणाऱ्यांनी निदान सकाळी बूट झटकून घालावेत, एवढा मान त्या शोधाला द्यायला हरकत नाही.

हाडांच्या ढिगावर कुत्री येतात. तंबूंच्या मागे आठवडाभर खरकटे पडले की कुत्री तिथेच मुक्काम ठोकतात, आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते अन्न. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कोंबडीचे हाड आपण फेकतो आणि त्याची साखळी कुठवर जाते पाहा. बिबट्या दिसला की गाव घाबरते, पिंजऱ्याची मागणी होते. ढीग कोणी उचलत नाही.

आणि सुगंधाचे म्हणाल, तर अत्तर लावून गड चढणारी नवी पिढी मला कौतुकास्पद वाटते. आमच्या काळी घामाचाच वास असे. पण कड्यांवर आग्या मोहोळे आहेत. मार्च २०२५ मध्ये शिवनेरीवर शिवजयंतीच्या दिवसांत माश्या उठल्या आणि कितीतरी माणसे जखमी झाली. धूर, गोंगाट, उग्र वास ही माश्या बिथरण्याची नेहमीची कारणे. त्यात एक मजेशीर पण उपयोगाची माहिती अशी, की माशी डंख मारताना इतर माश्यांना धोक्याची खूण म्हणून जे द्रव्य सोडते, त्यात पिकल्या केळ्याच्या वासाचा घटक असतो. तेव्हा मोहोळाखाली बसून केळी सोलू नयेत. आग्या माशी चांदण्या रात्रीही उडते आणि दिव्याकडे येते; म्हणून कड्याच्या पायथ्याशी शेकोटी आणि झगझगीत दिवे हा बेत शहाणपणाचा नाही. एक माशी चावली म्हणून सगळे मोहोळ जाळायला निघणाऱ्यांना सांगायला हवे, की घाट चढून गेले की महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे आणि ते माश्यांवर संसार करते.

हे टाळायला काय लागते? योसेमिटीसारखे लाखो डॉलर लागत नाहीत. तंबूवाल्याने दर चार तंबूंमागे पत्र्याची एक जुन्या पद्धतीची पेटी ठेवावी, कडी-कोयंड्याची. शिंके उंदराला आणि कुत्र्याला चालते, माकडाला चालत नाही. त्याला दोरी सोडवता येते, म्हणून दिवसा पेटीच हवी. रात्रीच्या जेवणानंतर अन्न, साबण, पेस्ट, तेलाची बाटली सारे त्यात. चूल तंबूंपासून दूर. हाडे आणि खरकटे खड्ड्यात पुरले तर डुक्कर उकरते, तेव्हा ते झाकणाच्या डब्यात भरून सकाळी खाली न्यावे. तंबूचे भाडे घेणाऱ्याने याचा खर्च भाड्यात धरावा. घेणारा कुरकुर करणार नाही, चादरीचे पैसे तो देतोच. पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी मुक्कामाच्या धंद्याला ना हरकत दाखला देताना पेटी आणि कचऱ्याची गाडी या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये. बँकेत तारण पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर करत नसत, तसेच हे.

घाटातल्या केळ्याचे काम मात्र ग्रामपंचायतीच्या हातातले नाही. तिथे पाट्या लावून भागत नाही. पाटीवर बसून माकड केळे खाताना मी पाहिले आहे. टपरीवाल्यांना यात घेतल्याशिवाय काही होणार नाही. माकडासाठी म्हणून शेंगदाण्याच्या पुड्या आणि केळी विकणे त्यांनी थांबवावे आणि त्या बदल्यात त्यांच्या टपऱ्यांची जागा, पाणी, कचऱ्याचा ठेका यांची रीतसर सोय व्हावी. पोटावर पाय ठेवून केलेला नियम घाटात टिकत नाही. अडचण एवढीच, की वरंध घाटाचा वरचा भाग पुणे जिल्ह्यात येतो आणि उतार रायगडात. आंबेनळी चढून गेले की सातारा लागतो. तीन जिल्ह्यांचे वन अधिकारी, बांधकाम खाते आणि घाटाखालच्या गावांचे सरपंच एका टेबलाशी बसायला हवेत. खर्च कोणाच्या नावे पडतो हे सांगायला त्या बैठकीला कापड्याच्या वरचे ते शेतकरीही असावेत. दरडी कोसळून रस्ता बंद झाला, की दोन महिने गाड्या येत नाहीत आणि कळप खाली उतरतात. बैठक त्याच्या आधी, मे महिन्यात, व्हायला हवी.